विहिरीतला बागुलबुवा आणि डब्यावरचा त्रिकोण

बाभुळगावाच्या नावातच काटा आहे. ज्या मुलखात धुऱ्याधुऱ्यावर बाभळी उभ्या, तेथल्या पोराला खाली पाहून चालावयास शाळेत कोणी शिकवीत नाही. पहिला काटा टाचेत मोडला, आजीने तो सुईने उकरून काढला आणि वर दोन शिव्या दिल्या, की ते शिक्षण पुरे होते. काट्याची फी थोडी आहे म्हणून हा गुरू परवडतो. विहीर, साप, वीज, विष यांची फी इतकी जबर आहे की त्यांच्याकडे एकदा शिकावयास गेलेला विद्यार्थी पुष्कळदा परत येत नाही. म्हणून ही विद्या वडीलधाऱ्यांनी अगोदरच मुलांच्या पदरी घालावी लागते. ती आपल्याकडे कशी घातली गेली, एवढ्याच गोष्टीचा मागोवा आम्ही येथे घेणार आहो. 'सुरक्षिततेचे शिक्षण' हे भारदस्त नाव या विद्येला अलीकडे मिळाले. विद्या मात्र पहिल्या विहिरीइतकीच जुनी आहे.

पहिली शाळा अर्थातच घरची, आणि तिचा एकमेव क्रमिक ग्रंथ म्हणजे भीती. आमच्या खेड्यांत अशी विहीर विरळा की जिच्यात कोणी राहत नाही. कोठे हडळ, कोठे बागुलबुवा, कोठे साती आसरा. भर दुपारी विहिरीत डोकावू नये, तिन्हीसांजेला पाणवठ्यावर रेंगाळू नये, ओल्या अंगाने चिंचेखालून जाऊ नये. शहाण्यासुरत्या माणसांनी या गोष्टींना हसावे अशी पद्धत आहे. आम्हांस मात्र तसे हसू येत नाही. पहाटे दळण, मग चूल, मग वावरात निंदण किंवा कापसाची वेचणी, आणि मागे चार-पाच लेकरे. ज्या बाईचा दिवस असा उजाडतो, तिने प्रत्येक लेकरामागे पहारेकरी कोठून आणावा? तिने विहिरीत एक फुकटचा पहारेकरी बसविला. तो रात्रंदिवस जागा असे, पगार मागत नसे, आणि पाच-सहा वर्षांच्या पोराला काठापासून दूर ठेवण्याचे काम चोख बजावीत असे.

दोष या पहारेकऱ्याच्या आयुष्यात आहे. पोर दहा-बारा वर्षांचे झाले की विहिरीत कोणी नाही हे त्याला कळते. कळते त्याच दिवशी भीती जाते, आणि भीतीबरोबर सारे शिक्षणही जाते. कारण पाणी किती खोल आहे, शेवाळलेल्या पायरीवरून पाय कसा निसटतो, बुडणाऱ्याच्या मागे उडी न टाकता दोर किंवा बांबू का टाकावा, यातले काहीच त्याला कोणी सांगितलेले नसते. बागुलबुवा गेला आणि जागा रिकामी राहिली.

सापाच्या बाबतीत तर आपण याहून पुढे गेलो. रात्री सापाचे नावच घ्यावयाचे नाही. 'लांबडं' म्हणावयाचे, नाही तर 'जनावर'. संकटाचे नाव उच्चारले की संकट येते, ही समजूत काव्याला पोषक असेल. पण ज्या गोष्टीचे नाव घेता येत नाही ती शिकवावयाची कशी? यातूनही व्यवहारी माणसांनी वाट काढलीच. अंधारात काठी आपटीत चालावे, पायाशी कंदील धरावा, लाकडे आणि गोवऱ्या हात घालण्यापूर्वी हलवून घ्याव्या, हे नियम आजही डॉक्टर सांगतात तेच आहेत. चुकत आले ते दंशानंतरचे. मांत्रिक, जखमेवर चिरा, करकचून बांधलेली दोरी, आणि या साऱ्यांत गेलेला वेळ. विषावरचा उतारा काही काल-परवाचा नव्हे. फ्रेंच शास्त्रज्ञ कालमेत याने १८९५ च्या सुमारास प्रतिविषाची लस सिद्ध केली. मुंबईच्या हाफकिन संस्थेने ती आपल्याकडच्या नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांविरुद्ध तयार केली. असे असूनही २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने केला आहे. त्यांतली चौथ्या हिश्शाहून अधिक पंधरा वर्षांखालची मुले होती, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, म्हणजे आपल्या पेरणीनिंदणीच्या दिवसांतले. लस होती, दवाखाना होता. दंश झालेला हात किंवा पाय न हलविता रोग्यास थेट दवाखान्यात न्यावे, एवढे एक वाक्य तेवढे घरोघर पोहोचले नव्हते.

भीतीच्या या शाळेत एक सन्माननीय अपवाद मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मधली आई पोहावयास घाबरणाऱ्या श्यामला शिंपटीने मारीत विहिरीवर धाडते. या प्रसंगावर आजवर वात्सल्याच्या दृष्टीने पुष्कळ लिहिले गेले. आम्ही त्याकडे निराळ्या डोळ्यांनी पाहतो. साऱ्या महाराष्ट्रातील आया मुलाला विहिरीपासून दूर ठेवण्यासाठी शिंपटी उचलीत असता ही एक आई त्याला विहिरीत घालण्यासाठी ती उचलते. मार तोच, दिशा उलटी. पाण्याचे भय घालविण्याचा उपाय पाणीच आहे, हे कोकणातल्या त्या माउलीला कळले होते. पोहणे हा खेळ मानण्याची आपली जुनी खोड आहे. पुष्कळ ठिकाणी ते जगण्याचे साधन आहे हे जगाला फार उशिरा उमगले. संयुक्त राष्ट्रांनी बुडून होणाऱ्या मृत्यूंच्या प्रतिबंधासाठी २५ जुलै हा दिवस मुक्रर केला तो २०२१ साली. आमच्या तालुक्यात आता नुसत्या विहिरी राहिल्या नाहीत. खडकसावंग्याजवळ बेंबळेला बांध पडला, कालवे निघाले. कालव्याच्या सिमेंटच्या उतरत्या भिंतीला धरावयास ना मूळ असते ना दगड. विहिरीचे शहाणपण कालव्याला लागू पडत नाही, आणि कालव्यात अजून कोणी आसरा राहावयास आलेल्या नाहीत!

घराच्या शाळेनंतर दुसरी शाळा आली ती कवायतीची. वऱ्हाडात तिची आठवण ठेवावयाची तर अमरावतीकडे वळावे लागते. १९१४ साली वैद्य बंधूंनी तेथे हनुमान आखाडा उभा केला. पुढे तोच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपाला आला, आणि १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. याच सुमारास बालवीरांची चळवळ मोठ्या गावांच्या हायस्कुलांतून पसरली. स्वातंत्र्यानंतर १९५० साली निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही एक संस्था झाली. गाठी मारणे, जखम बांधणे, मोडलेल्या हाडाला फळी देणे, दोन काठ्या आणि चादर यांची डोली करणे, हे मुलांना प्रथमच हाताने करावयास मिळाले. ही मोठी कमाई होती. उणीव एवढीच की शिट्टी वाजल्यावर चालणे आणि शिट्टी वाजल्यावर थांबणे हा या शिक्षणाचा कणा होता. शिट्टी वाजविणारा चुकला तर काय करावे, हे कवायतीत बसत नाही.

तिसरी शाळा आमच्या अगदी शेजारी, वर्ध्याला निघाली. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने नयी तालीमची योजना आखली. तिच्याविषयी बरेवाईट पुष्कळ बोलले गेले. ती फसली हे सांगणारेही थोडे नाहीत. पण तिच्यातला एक धागा आमच्या विषयाला अत्यंत मोलाचा आहे. तिने मुलाच्या हातात खरे हत्यार दिले. टकळी, फावडे, विळा. खरे हत्यार हाताळणारे मूल हत्याराची धार ओळखते. दुरून 'हात लावू नको' असे ऐकणारे मूल फक्त आवाजाची धार ओळखते. ताराबाई मोडकांनी बोर्डीस आणि मग कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्याच्या मुळाशी असलेल्या माँटेसोरी विचारातही हीच खूण सापडते. लहान मुलाने काचेचा पेला नेला पाहिजे. फुटला तर तो कसा फुटतो हे त्याला समजते.

दुर्दैवाने हा धागा आमच्या खेड्यांतल्या साध्या शाळेपर्यंत आला नाही. १९५६ साली विदर्भ मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन होऊन प्राथमिक शाळा त्यांच्या हाती गेल्या. शाळा वाढल्या, मुले वाढली, ही गोष्ट लहान नाही. परंतु सावधपणाचा पाठ तेवढा भिंतीवर चढून बसला. रस्ता डाव्या-उजव्या बाजूस पाहून ओलांडावा, विस्तवाशी खेळू नये, मोठ्यांचे ऐकावे. पहिली दोन वाक्ये निर्विवाद आहेत. तिसऱ्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

दरम्यान ज्या धोक्यासाठी भिंतीवर वाक्यच नव्हते असा एक धोका वावरातून घरात शिरत होता. बाभुळगाव हे कापसाचे गाव. १८६७ साली रेल्वे नागपुरास पोहोचली तेव्हापासून यवतमाळकडचा कापूस बंड्यांवर लादून धामणगावच्या स्टेशनाकडे निघे, तो याच वाटेने. रात्रीच्या प्रवासात बंडीखाली कंदील टांगावा, हा त्या वाटेवरचा सुरक्षिततेचा नियम. तो बापाकडून मुलाकडे आपोआप जाई, कारण मुलगा बंडीवर शेजारीच बसलेला असे. औषधांच्या बाबतीत असा वारसा मिळाला नाही. देशी कपाशी फारशी फवारणी मागत नव्हती. १९७० साली संकरित कपाशी आली, २००२ साली बीटी आली, आणि प्रत्येक पावलासरशी फवारणीचे औषध वाढत वाढत घराच्या कोनाड्यात, धान्याच्या कोठीशेजारी, कोठ्याच्या आढ्याला येऊन राहिले. आपण त्याला 'औषध' म्हणतो येथेच पहिली गफलत. पोराला औषध म्हणजे खोकल्याचे ठाऊक असते.

सरकार जागे झाले तेही ठेच लागूनच. १९५८ साली केरळात धान्यात आणि पिठात फॉलिडॉल नावाचे कीटकनाशक मिसळून शंभरावर माणसे मेली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशकांचा कायदा झाला आणि १९७१ साली त्याचे नियम. या नियमांनी प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण छापावयास लावला. तांबडा म्हणजे अत्यंत जहरी. त्याच्याबरोबर कवटी आणि हाडे. पिवळा त्याच्या खालचा, निळा त्याहून सौम्य, हिरवा सर्वांत सौम्य. अक्षरशत्रूलाही कळावी अशी ही युक्ती आहे, आणि तिचे आम्हांस कौतुक वाटते. एक बारकावा मात्र शिक्षकाने विसरू नये. हिरव्या रंगाचा अर्थ आपल्याकडे 'खुशाल जा' असा होतो; डब्यावरचा हिरवा तसे म्हणत नाही. तोही विषाचाच डबा. त्याच नियमांत असेही आहे की रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, ते पुन्हा वापरात येऊ नयेत. आता खेड्यात घट्ट झाकणाचा, न गळणारा, पाच लिटरचा डबा फोडून पुरणे म्हणजे काय, हे ज्याने गरिबी पाहिली त्यालाच कळेल. तो डबा धुतला जातो. त्यात रॉकेल भरतात, पाणी भरतात, तेल भरतात.

तेल भरले म्हणजे काय होते हे १६ जुलै २०१३ रोजी दिसले. बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारच्या जेवणानंतर तेवीस मुले मरण पावली. ज्या तेलात स्वयंपाक झाला त्यात मोनोक्रोटोफॉस होते. आपल्या कपाशीवर वर्षानुवर्षे फवारले गेले तेच हे. त्याचा त्रिकोण तांबडा. त्या घटनेतील एक गोष्ट वर्तमानपत्रांतून तेव्हा आली आणि ती आम्हांस आजही स्वस्थ बसू देत नाही. जेवणाची चव वेगळी लागते अशी तक्रार मुलांनी केली होती. स्वयंपाकिणीलाही तेलाविषयी शंका आली होती. जेवण तरीही वाढले गेले आणि खाल्ले गेले.

येथे भिंतीवरच्या त्या तिसऱ्या वाक्याकडे वळू. मोठ्यांचे ऐकावे. त्या मुलांनी ऐकले. सावधपणाची सर्वांत जुनी आणि सर्वांत तीक्ष्ण साधने, म्हणजे जीभ आणि नाक, त्यांच्यापाशी होती आणि ती बिनचूक बोलली होती. पण शंभर वर्षे आपण मुलांना जी सुरक्षितता शिकविली, तिच्यात मुलाच्या जिभेला मत नव्हते. बागुलबुवा म्हणतो गप बस. शिट्टी म्हणते थांब. भिंत म्हणते ऐक. 'मला हे बरोबर वाटत नाही, मी खाणार नाही' असे बोलणाऱ्या मुलाला आपल्या भाषेत जे शब्द आहेत ते बहुतेक शिव्याच आहेत: आगाऊ, तोंडाळ, शेफारलेला. आमचे म्हणणे असे की या विषयाचा खरा इतिहास येथे अडला आहे. मुलाला किती नियम पाठ आहेत हा प्रश्न दुय्यम. त्याच्या शंकेला वर्गात आणि घरात किंमत आहे की नाही, हा पहिला.

कोणी म्हणेल, मग शिस्त कोठे राहिली? प्रश्न रास्त आहे. आग लागली असता प्रत्येक मुलाने आपापले मत मांडीत बसावे असे कोणीच म्हणणार नाही. तेथे कवायतच पाहिजे, आणि ती वर्षातून अनेकदा करून अंगवळणी पडलेली पाहिजे. पण कवायतही तेव्हाच कामाची, जेव्हा मोठ्यांनी आपला वाटा अगोदर उचललेला असतो. तामिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी (तारीख पुन्हा तीच यावी हा योगायोग मोठा क्रूर आहे) शाळेच्या गवती छपराला आग लागून चौऱ्याण्णव मुले जळून गेली. गवताचे छप्पर आणि अरुंद जिना यांच्यापुढे कोणत्या पाठाने त्यांना तारले असते? २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. दुसऱ्याच वर्षी, सोडून दिलेल्या बोअरवेलांत पडणाऱ्या मुलांसंबंधी त्याच न्यायालयाने नियम घालून दिले. त्यांतला एकही नियम मुलाला उद्देशून नाही, सारे मोठ्यांना आहेत. हे आम्हांस फार योग्य वाटते. उघड्या भोकाच्या काठी उभ्या असलेल्या दोन वर्षांच्या बालकाला सावधपणा शिकविता येत नाही. भोकावर झाकण घालता येते.

शंकेला किंमत द्यावयास आपण अगदीच शिकलो नाही असेही नाही. १९९६ साली मुंबईत संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक सुरू झाला आणि देशभर पसरला. त्यामागची कल्पनाच अशी की मूल स्वतः बोलेल आणि कोणी तरी त्याचे ऐकेल. २०१२ च्या पोक्सो कायद्यानंतर चांगला स्पर्श आणि वाईट स्पर्श यांचे पाठ शाळांतून सुरू झाले. त्यांत मुलाला प्रथमच उघडपणे सांगण्यात आले की माणूस मोठा असला, ओळखीचा असला, नात्यातला असला, तरी त्याला 'नाही' म्हणता येते. या पाठाबद्दल काही ठिकाणी कुजबूज झाली. ती साहजिक होती. विहिरीत बागुलबुवा आहे असे सांगणे सोपे. धोका कधी कधी माजघरात बसलेला असतो, हे सांगणे अवघड.

आता पुन्हा यवतमाळ जिल्ह्याकडे. २०१७ चा पावसाळा येथे कोणी विसरणार नाही. कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, अळी पडली होती, हवा दमट होती. दोन-तीन औषधे एकत्र कालवून बारीक तुषार उडविणाऱ्या पंपांनी फवारणी चालली होती, आणि उंच झाडांवर फवारताना ते तुषार फवारणाऱ्याच्याच तोंडावर येत होते. घाम, उलट्या, डोळ्यांपुढे अंधेरी, धाप. शेकडो माणसे दवाखान्यांत दाखल झाली, आणि या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. चौकशीसाठी विशेष पथक नेमले गेले, मदत जाहीर झाली, पाच औषधांना पुढे काही काळ बंदी झाली. मेलेल्यांत रोजमजुरीने फवारणी करणारे होते. ज्यांच्या घरची मुले त्या वर्षी तिसरी-चौथीत होती ती आज मोठी झाली आहेत.

या सर्वांनंतर बाभुळगावच्या परिसरातल्या एखाद्या शिक्षकाने जूनअखेरीस, फवारणी सुरू होण्यापूर्वी, काय करावे? आमच्या डोळ्यांसमोर जो पाठ येतो त्याला खर्च नाही. मुलांनी घरच्या डब्याला हात लावावयाचा नाही. शिक्षकानेच कृषी केंद्रातून रिकाम्या खोक्यावरचे किंवा माहितीपत्रकाचे कागद आणावे, फळ्यावर चार त्रिकोण रंगीत खडूने काढावे आणि मुलांना ते ओळखावयास लावावे. मग पत्रकातील मराठी मजकूर मोठ्याने वाचावयास द्यावा. तो इतक्या बारीक टाइपात असतो की पुष्कळ ठिकाणी भिंग लागेल. तेही चांगलेच, विज्ञानाच्या तासाला भिंग असतेच. वारा कोणीकडून आहे हे मूठभर धूळ सोडून पाहावे. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात का मिसळू नयेत, बाप वावरातून आला की त्याने साबणाने हातपाय धुण्यापूर्वी लेकराला उचलून का घेऊ नये, घरात कोणत्या डब्यात काय आहे, यांवर मुलांना बोलू द्यावे. ती पुष्कळ बोलतात. कोणाच्या घरी डबा चुलीमागे आहे, कोणाच्या घरी त्यातूनच पाणी जाते, हे एका तासात बाहेर पडते.

आणि मग एखादे चौथीतले पोर पत्रकातले एक वाक्य वाचील: फवारणी करताना हातमोजे घालावे, तोंडानाकावर मास्क बांधावा. कायद्याचे नियमही तेच सांगतात, विष हाताळणाऱ्याला योग्य संरक्षक कपडे असलेच पाहिजेत. पोर ते घरी जाऊन बापाला वाचून दाखवील. बाप दुसऱ्याच्या वावरात पंपामागे रोज घेणारा असेल तर तो निमूट ऐकेल, कारण त्याला हे ठाऊक नाही असे नाही. हातमोजे मागावयाचे ते मालकापाशी, आणि मालक उद्या दुसऱ्या माणसाला बोलावू शकतो. पोराने घरी वाचलेले ते वाक्य बापाला सकाळी मालकाच्या ओट्यावर उभे राहून म्हणावयाचे आहे.